प्रवासात सोबत कुत्रं-मांजर आणि सांभाळायला माणूस : खान्देशातले तुमचे अनुभव

अमळनेरची सून

दिराचं लग्न होतं. पुण्यात आमच्या कुत्र्याला, शेरूला, ठेवून घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून त्याला गाडीत घातलं आणि अमळनेरला घेऊन आले. आल्यावर कळलं की प्रवास सोपा होता, अडचण पुढेच होती. हळदीला डीजे, लग्नाला फटाके, पंगतीला साताठशे माणूस. कार्यालयात त्याला न्यायचं कसं? आणि अनोळखी घरात एकटं कोंडायचं तरी कसं? पुण्यात तासाच्या हिशेबानं माणूस मिळतो. इथे सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "कुत्रं राखाले माणूस? पैसा दीसन?" आणि बराच वेळ हसत बसले.

शेवटी गल्लीतल्या एका आजी म्हणाल्या, "तू जाय व माय, मी शे ना आठे." दोन दिवस त्या ओट्यावर आणि शेरू त्यांच्या पायाशी. निघताना हजार रुपये पुढे केले तर त्या चक्क रुसल्या. "पैसा कसाले?" मग साडी नेसवली, तेव्हा कुठे हसल्या.

आमचं निभावलं, पण हे नशीब. तुम्ही खान्देशात आपलं जनावर घेऊन आलात किंवा इथून कुठे गेलात, तेव्हा माणूस कसा शोधलात, काय दिलंत, काय बिनसलं? सविस्तर लिहा. "आमचा टॉमी खूप गुणी आहे" एवढंच नको!

फिरस्ता ठाणेकर

आमचा मुद्दा अजिंठ्याचा. लेण्यांत कुत्रं नेता येत नाही, आणि आपली गाडीही फर्दापूरच्या टी पॉइंटवर थांबते. पुढचे चारेक किलोमीटर त्यांच्या बसनं. म्हणजे गाडीत कुत्रं ठेवून जायचं, असं वाटतं ना? डिसेंबरातही ते करू नका. काच चार बोटं खाली ठेवली तरी उन्हातल्या गाडीची भट्टी होते.

आम्ही जळगावला लॉजवर उतरलो होतो. तिथल्या मॅनेजरचा भाचा कॉलेजात होता. त्याला आदल्या संध्याकाळी बोलावून आमच्या लॅब्रेडोरला त्याच्याच हातानं फिरवून आणलं, जेवूही त्यानंच घातलं. सकाळी त्याला गाडीत सोबत घेतलं. आम्ही वर असताना साडेचार तास तो टी पॉइंटला झाडाखाली सतरंजी टाकून बसला. सहाशे रुपये, चहा-नाश्ता आमचा. स्थानिक माणूस शोधण्यापेक्षा ओळख झालेला माणूस सोबत नेणं मला जास्त पटलं. (सोमवारी लेणी बंद असतात. आम्ही आधी सोमवारीच निघालो होतो, ते सोडा.)

केळीवाला, यावल

माझा अनुभव उलटा आहे, कारण चूक आमच्या घरची. मुंबईचे मित्र भरीत पार्टीला शेतात आले, सोबत २८ किलोचा लॅब्रेडोर. मंडळी मनुदेवीच्या दर्शनाला गेली आणि कुत्रा आमच्या सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या गड्याच्या, हवाली. तीनशे रुपये ठरले होते. सालदार माणूस मायेचा. कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून झाली, लाकडी बडगीत भरीत ठेचून झालं, आणि कुत्रा समोर बसून लाळ गाळतोय. यानं कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीवर भरीत घालून दिलं. मी विहिरीकडून येईपर्यंत पान चाटूनपुसून लख्ख. सालदार कौतुकानं म्हणाला, "बठ्ठं खाई लिधं त्यानी!"

आपल्या भरतात काय असतं? कांद्याची पात, लसूण, मिरची. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी दिसतो. मित्राच्या बायकोला हे माहीत होतं, तिचा चेहराच उतरला. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी खाल्लेलं प्रमाण आणि वजन विचारलं, आणि आठवडाभर हिरड्यांचा रंग व लघवी बघायला सांगितलं. हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा लघवी चहासारखी झाली तर तडक या, म्हणाले. सुदैवानं काही झालं नाही. पण आठवडाभर रोज सकाळी मुंबईहून हिरड्यांचे फोटो येत होते.

सालदाराला दोष कसा देऊ? "खायला घाल" एवढंच सांगितलं होतं, काय घालायचं नाही ते कुणीच सांगितलं नव्हतं. पैसे त्याला पूर्ण दिले.

अमळनेरची सून

बाप रे. आजींनी शेरूला काय काय घातलं असेल, हे आता आठवायला नको वाटतंय.

भुसावळ जंक्शन

रेल्वेचं थोडक्यात. कुत्रं फर्स्ट एसीत नेता येतं, पण दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन आख्खी तुमची असेल तरच. कूपे मिळाला की नाही ते चार्ट लागल्यावर कळतं. नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. आमच्या काळ्या कुत्र्याला मेच्या उन्हात त्या पेटीत घालायची हिंमत झाली नाही.

आता सांभाळणाऱ्याचं. आम्ही भुसावळला आईकडे आलो, आईला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून ओळखीतल्या एकाला दुपारभर ठेवलं. त्यानं काय केलं, तर कुत्र्याला फिरवायला बाहेर काढलं. दुपारी दोनला! पारा ४४ वर, डांबर पाघळतंय. स्वतःच्या पायात चप्पल होती, त्याच्या लक्षातच आलं नाही. घरी आलो तर कुत्रा पंजे चाटत कोपऱ्यात. मागच्या दोन्ही पायांच्या गाद्यांची साल निघालेली. बारा दिवस पट्ट्या बदलल्या. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघायची, ठेववली नाही तर कुत्रं बाहेर न्यायचं नाही. हे आता मी ज्याच्या त्याच्याकडून करून घेते, लोक वेड्यात काढतात.

संमेलनाला गेलेली

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन होतं. लॉज भरलेले, म्हणून आम्ही धुळ्यात उतरलो आणि कुत्री तिथल्याच एका सांभाळणाऱ्याकडे दिली. दोन दिवसांचे बाराशे आगाऊ. रात्री आठला त्याचा फोटो आला : "मस्त खेळतेय." फोटोत लख्ख ऊन. नवरा म्हणाला, असेल दुपारचा. मी मोठा करून पाहिला तर गळ्यात लाल पट्टा, आणि आम्ही तिला निळा घालून दिलेला. लाल पट्ट्याचा फोटो माझ्याच व्हॉट्सॲपच्या डीपीतला, कापून पाठवलेला! कवी कट्टा सोडून धुळं गाठलं. कुत्री ठीक होती, पण जिन्याखाली बांधलेली, पाण्याचं भांडं कोरडं. आता मी व्हिडिओ कॉलच मागते, तोही न सांगता.

माऊची ताई, धुळे

मांजरवाल्यांनो, तुमची तऱ्हा वेगळी. मांजराला माणसापेक्षा जागेची ओढ. नंदुरबारला बहिणीच्या नव्या घरी गेलो, तिथे शेजारची मुलगी दुपारी बसायला ठेवली. ती आली आणि माऊ गायब. बिचारी रडकुंडीला. तांदळाच्या कोठीमागे सापडली. शहाणी मुलगी, ओढून काढली नाही. फरशीवर पुस्तक घेऊन तीन तास बसली, चौथ्या तासाला माऊ येऊन तिच्या वहीवर बसली. दीडशे ठरले होते, तीनशे दिले.

चाळीसगावचा राखणदार

मी पलीकडच्या बाजूनं लिहितो. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, जोडीला तीन वर्षं हे करतो. पाटणादेवीला जाणारे बरेच येतात. देऊळ अभयारण्यात आहे, कुत्रं नेता येत नाही. दिवसाचे चारशे, रात्र राहिली तर सहाशे.

लोक लसीचं कार्ड दाखवतात, ते चांगलंच. पण कुत्रं कशाला बिचकतं ते कुणी सांगत नाही. एक स्पिट्झ होता, गोडगोड. बायकोनं झाडू उचलला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. मालकांना फोन केला तर म्हणतात, "हो, झाडूला तो चिडतो." अहो, मग सांगायचं ना! बायकोला पाच इंजेक्शनं घ्यावी लागली.

आणि अमळनेरच्या ताई, साडीचं. आजींचा मान राखलात, बरं केलंत. पण त्यामुळे आम्ही पैसे मागितले की गल्लीत लोक म्हणतात, "कुत्र्याचे पैसे घेतो हा!" दोन दिवस जागरण करून, घाण काढून, चावा खाऊन फुकट कसं करायचं? पैसे ठरले की सांगायला तोंड राहतं. तुम्हालाही आणि आम्हालाही.

अमळनेरची सून

पटलं भाऊ. पण आजींना पुन्हा नोटा दाखवायची माझी छाती नाही. त्यांच्या नातवाच्या वह्या-पुस्तकांचं बघीन म्हणते.

केळीवाला, यावल

आणखी एक. सातपुड्याच्या कडेला शेतात मुक्काम असेल तर रात्री कुत्रं अंगणात बांधू देऊ नका. बिबट्या असतो. सांभाळणाऱ्यानं खोलीत घेईन असं कबूल केलं तरच ठेवा.

नवीन सभासद, शहादा

सगळं वाचलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येतेय, सोबत बीगल, चार वर्षांचा. लसी झाल्यात. प्रेशर कुकरच्या शिट्टीला घाबरतो, चपला खातो. खाणं मी डब्यात देईन, पुरणपोळी अजिबात नको. अकरा ते पाच घरातच बसायचं, दिवसाचे पाचशे. शहाद्यात कुणी ओळखीचं आहे का?