जुन्या थ्री-वे स्पीकरचा ट्वीटर उडालाय, मिडरेंज घासतोय: दुरुस्त करू की बदलू?

वडिलांची स्पीकरची जोडी माळ्यावरून काढून महिना झाला. खोकी ठणठणीत, वूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) दमदार, पण उजवीकडून गाणारी बाई गोधडी पांघरून गातेय असं वाटतं.

तिथला ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) क्रॉसओव्हरपासून (सूर तिघांत वाटून देणारं सर्किट) सुटा करून मल्टिमीटर लावला, तर काटा ढिम्म. डावीकडचा ६.१ ओहम दाखवतो, म्हणजे ८ ओहमचा धडधाकट ट्वीटर (मीटरवर छापील आकड्यापेक्षा कमीच दिसतं). उजवा मिडरेंज (मधल्या सुरांचा) ६.४ दाखवतो, पण दोन्ही अंगठ्यांनी त्याचा कोन (पुढचा पडदा) हलकेच आत दाबला की 'खर्र' होतं.

गुन्हेगार मीच. पिटुकल्या अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम शेवटपर्यंत पिळला होता. (लहान अ‍ॅम्पने मोठे स्पीकर उडत नाहीत म्हणे!)

क्रॉसओव्हरवरचा ४.७ मायक्रोफॅरडचा बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ६.३ दाखवतोय. तिथे प्लास्टिक फिल्मचा घालू का? आणि नवा ट्वीटर घ्यायचा तर ८ ओहम जुळले की पुरे?

प्रतिसाद:
अ‍ॅम्प क्लिप झाला (ताकदीपलीकडे ताणला गेला) की लाटेची टोकं छाटली जातात आणि त्यातले वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले उंच सूर) थेट ट्वीटरच्या डोक्यावर बसतात. पण लगेच नवा घेऊ नका, आधी उघडून भिंगातून बघा. पुष्कळदा कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) शाबूत असते, टर्मिनलकडे जाणारी केसाएवढी तार तेवढी तुटते. कॉइल काळी पडली असेल तर मात्र विषय संपला.

नुसते ओहम जुळून भागत नाही. जुना ९० डीबीचा (तेवढ्याच पॉवरला किती मोठा वाजतो त्याचं माप) आणि नवा ९३ चा असेल, तर दुप्पट पॉवर दिल्यासारखा कानात टोचेल. बदललात तर जोडीनेच बदला.

कपॅसिटर दोन्हीकडचे बदला, फिल्म चालेल. त्याचा अंतर्गत रोध कमी असतो, आवाज तिखट वाटला तर सिरीजमध्ये अर्ध्या-एक ओहमचा रेझिस्टर टाका.

मिडरेंजच्या चुंबकाच्या फटीत कचरा असेल किंवा कॉइल तापून फुगली असेल. दुसरं असेल तर रिकोनशिवाय (कोन-कॉइल नवी बसवण्याशिवाय) इलाज नाही. तोवर वाजवू नका.

धागाकर्ता:
उघडला! घुमट जागच्या जागी, कॉइल तांबूस, स्वच्छ. तार टर्मिनलपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर तुटलीय. डाख बसायला आधी इनॅमल (तारेवरचा वार्निशसारखा थर) काढावं लागणार, पण ब्लेड लावायचा धीर होत नाही, उरलेलं टोकही तुटेल. तुम्ही अशा तारेचं इनॅमल कसं काढता?