मदत हवी आहे: रेल्वेने आलेल्या मालाचं छुपं नुकसान आणि सात दिवसांची मुदत

नमस्कार मंडळी,

मी ऑस्ट्रियात ग्राझजवळच्या एका छोट्या पंप कारखान्यात खरेदी बघते. आमची बिडाची कास्टिंग (ओतीव भाग) पुण्याहून येतात. न्हावा शेवा ते स्लोव्हेनियातलं कोपर बंदर जहाजाने, तिथून ग्राझ रेल्वेने. रेल्वेच्या टप्प्याची सीआयएम, म्हणजे आंतरराष्ट्रीय रेल्वे मालवाहतुकीच्या नियमांखालची वेगळी बिल्टी असते.

गेल्या महिन्यात कंटेनर आला. सील शाबूत होतं, म्हणून शेरा न मारता सही केली. सहाव्या दिवशी पेट्या उघडल्या तर अकरा कास्टिंगच्या फ्लँजच्या (पाइप जोडायच्या चकतीच्या) कडा उडालेल्या. तुटलेली जागा करडी, चकचकीत. गंजाचा मागमूस नाही. समुद्रात तुटली असती तर तांबूस पडली असती. मला खात्री वाटते, धक्का रेल्वेतच बसलाय, बहुधा शंटिंगमध्ये, म्हणजे डबे जोडता-सोडवताना.

त्याच दुपारी फोटो जोडून वाहतूक कंपनीला मेल केली की माणूस पाठवा, पंचनामा करा. माणूस आला अकराव्या दिवशी! आता म्हणतात, सात दिवस उलटले, हक्क संपला. शिवाय पॅकिंगच कच्चं होतं.

सीआयएमचं कलम 47 मी अनेकदा वाचलं. वरून न दिसणाऱ्या नुकसानीत, ते लक्षात येताच आणि माल ताब्यात घेतल्यापासून सात दिवसांच्या आत तपासणीची मागणी करायची, एवढंच त्यात आहे ना? अहवाल करणं कलम 42 प्रमाणे त्यांचंच काम. मग आमची मेल पुरेशी धरली जाईल का?

नुकसान रेल्वेच्या ताब्यात असतानाच झालं हे आम्हालाच सिद्ध करायचंय. त्या चकचकीत कडांचे फोटो पुरावा म्हणून टिकतील, की धातुतज्ज्ञाचा अहवाल लागेल?

रकमेची अडचण नाही. भरपाईची मर्यादा किलोला 17 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे 38 किलोच्या एका कास्टिंगला 646. आमची किंमत त्याहून बरीच कमी आहे. दाव्याला एक वर्ष आहे आणि लेखी मागणी केल्यावर ती मुदत थांबते, हेही वाचलंय. पण दोन देशांत दोन वाहतूकदार होते. कलम 45 नुसार पहिल्यावर, शेवटच्यावर किंवा ज्याच्या ताब्यात नुकसान झालं त्याच्यावर दावा करता येतो. यातला कोण निवडावा?

मला सगळ्यात जास्त काळजी पॅकिंगच्या आरोपाची आहे. पुण्याची फाउंड्री घरगुती आहे, वर्षानुवर्षं अशाच पेट्या पाठवतात, एकही कास्टिंग फुटलं नव्हतं. आरोप टिकला तर बिल त्यांच्या माथी येईल. युरोपात रेल्वे मालवाहतुकीचे दावे कुणी हाताळले असतील तर कृपया सांगा, पॅकिंगचा हा आरोप कशाने खोडून काढता येतो?