गुऱ्हाळाच्या व्हिडिओला मराठी कॅप्शन आणि वर्णन कसं जोडावं?

करवीर_वेब: करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळावरचा ९ मिनिटांचा व्हिडिओ आमच्या संकेतस्थळावर व्हिडिओ टॅगने लावलाय. कॅप्शनची एसआरटी फाइल होती, तिचं एक्स्टेन्शन बदलून व्हीटीटी (ब्राउझरला चालणारा कॅप्शनचा प्रकार) केलं, पण ओळी उमटतच नाहीत. शिवाय अंध प्रेक्षकांसाठी 'डिस्क्रिप्शन्स' प्रकारचा ट्रॅक, म्हणजे दृश्यांच्या लेखी वर्णनाची फाइल, दिला तर भागेल का?

ट्रॅकवाला: नुसतं नाव बदलून चालत नाही. पहिल्या ओळीत रोमन मोठ्या अक्षरांत वेबव्हीटीटी हवं, त्याखाली एक रिकामी ओळ. एसआरटीत सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो, इथे टिंब लागतं; स्वल्पविराम राहिला की ते कॅप्शन गळतं. सरसकट फाइंड-रिप्लेस मारू नका, संवादातले स्वल्पविरामही जातील. फक्त बाण (-->) असलेल्या वेळेच्या ओळी बदला. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ च निवडा, 'एएनएसआय'मध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. आणि पान डेस्कटॉपवरून थेट उघडून तपासू नका, क्रोम ट्रॅक घेत नाही. लोकल सर्व्हर चालवा.

पंचगंगाकाठ: 'डिस्क्रिप्शन्स' ट्रॅकवर विसंबू नका, ब्राउझर तो आपणहून वाचून दाखवत नाहीत. आधी डोळे मिटून निवेदन ऐका. 'आता बघा, असा रंग आला की काहील उतरायची.' असा म्हणजे कसा? फेस कसा दिसतो, थंड पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी वळते का, हे बोलणाऱ्याच्याच तोंडी यायला हवं. निवेदन पुन्हा रेकॉर्ड करता येत असेल तर तेच करा, त्याइतकं चांगलं काही नाही. नाहीतर मधल्या मोकळ्या जागांत वर्णनाचा आवाज भरून दुसरी आवृत्ती ठेवा. पानावर सगळ्याचा लेखी मजकूर द्याच, पण तेवढ्यावर डब्ल्यूसीएजीची (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या निकषांची) ए पातळीच गाठते; त्यावरच्या एए पातळीला ध्वनिवर्णन, म्हणजे असं आवाजातलं वर्णन, लागतं.

ट्रॅकवाला: कॅप्शनमध्ये गुळव्याची (गूळ करणाऱ्याची) बोली प्रमाण मराठीत 'सुधारू' नका. 'जाळ कमी कर की गा' हे तसंच लिहा. ओठ वाचणाऱ्याला वेगळे शब्द दिसले की गोंधळ होतो. अर्थाला लागणारे आवाजही लिहा: [चरकाची घरघर], [रस खदखदतो]. एका वेळी दोनच ओळी.

करवीर_वेब: ओळी उमटल्या, आभारी आहे! पण गुळव्याच्या नावाची पट्टी खाली येते आणि कॅप्शन नेमकं तिच्यावरच बसतं.

ट्रॅकवाला: तेवढ्या कॅप्शनच्या वेळेच्या ओळीत शेवटी एक स्पेस सोडून रोमनमध्ये 'लाइन', लगेच अपूर्णविराम आणि १०% लिहा, आकडेही इंग्रजीच. ते वर सरकेल, बाकीची खालीच राहतील.