कॅफेत लॅपटॉप वायफायला जोडला जातो पण लॉगिनचं पानच उघडत नाही

पुणेरी_कीबोर्ड:
नमस्कार मंडळी, घरी लाइटचा भरवसा नाही म्हणून हल्ली कॅफेत बसून काम करतो. फोनवर वायफाय जोडलं की लगेच नंबर टाका, ओटीपी टाका असं पान येतं आणि नेट सुरू. लॅपटॉपवर (विंडोज ११, ऑफिसचा आहे) मात्र कनेक्टेड दिसतं, खाली 'नो इंटरनेट', आणि ते पान काही केल्या येत नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणतो आमच्याकडून सगळं ठीक आहे. काय करू?

केबलवाला:
आधी व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडणारी सोय) बंद कर, ऑफिसच्या लॅपटॉपवर तो बऱ्याचदा आपोआप चालू होतो. मग ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघड. कारण असं की कॅफेचा राउटर तुझी पहिली विनंती मधेच अडवतो आणि तुला स्वतःच्या पानावर पाठवतो, पण हे साध्या एचटीटीपीवरच (म्हणजे कुलूप नसलेल्या जोडणीवर) नीट जमतं. तू जीमेल उघडायला गेलास तर तिथे एचटीटीपीएस (कुलूपबंद जोडणी), मग ब्राउझर सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) तक्रार करून थांबतो आणि आपल्याला वाटतं नेटच नाही. नेव्हरएसएसएल मुद्दाम साधी ठेवलीय, याच कामासाठी.
तरी नाहीच आलं तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा) बघ. सेटिंग्जमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' असतं, तिथे कुणी ८.८.८.८ वगैरे हाताने टाकलं असेल तर ऑटोमॅटिक कर. लॉगिन होईपर्यंत बाहेरचा डीएनएस बरेच राउटर अडवतात, त्यामुळे पानाचा पत्ताच सापडत नाही.

चहा_आणि_कोड:
+१. अजून एक, तिथेच 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' (लॅपटॉपची नेटवर्कवरची ओळख बदलून दाखवणारी सोय) आहे. ते 'चेंज डेली'वर असेल तर कॅफेच्या सिस्टीमला रोज नवीन मशीन दिसतं आणि रोज ओटीपी मागतं. नेहमीच्या कॅफेपुरतं ते बंद ठेवलं तरी चालेल.

वाशीची_मैना:
ओटीपीला कंटाळू नका हो. २००८ साली अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा ईमेल आमच्या नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून गेला होता, त्या घरातल्या माणसाला उगाच चौकशीला सामोरं जावं लागलं. मग २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवायचे नियम आणले, मोबाइल नंबर त्यासाठीच घेतात. पण एक कराच, नेटवर्कचं नाव काउंटरवर विचारून घ्या. तसंच नाव ठेवून कुणीही शेजारच्या टेबलावर हॉटस्पॉट चालू करू शकतं आणि आपला लॅपटॉप भोळेपणाने त्याला जोडला जातो. लॉगिनच्या पानाने नंबर-ओटीपी सोडून ईमेलचा पासवर्ड किंवा कार्डचा नंबर मागितला तर सरळ उठा तिथून.

पुणेरी_कीबोर्ड:
जमलं!! डीएनएसच होता, ऑफिसच्या आयटीवाल्यांनी टाकलेला. ऑटोमॅटिक केल्यावर पान लगेच आलं. केबलवाला, खूप आभार. आता बँकेचं काम असेल तर यावरून करावं का?

केबलवाला:
एचटीटीपीएस असल्याने पासवर्ड तसा कुणाला वाचता येत नाही, तू कुठल्या साइटवर गेलास एवढं मात्र कळू शकतं. तरी मी बँकेसाठी फोनचा हॉटस्पॉटच लावतो, दोन मिनिटांच्या कामाला डेटा कितीसा लागतो. नेटवर्क प्रोफाइल 'पब्लिक'वरच राहू दे, 'प्रायव्हेट' केलंस तर त्याच वायफायवरच्या बाकीच्यांना तुझा लॅपटॉप दिसायला लागतो. आणि आयटीवाल्यांना डीएनएस बदलल्याचं सांगून ठेव, ऑफिसात गेल्यावर त्यांच्या आतल्या साइट्स उघडायला तो लागू शकतो.