अवतरणचिन्हांनी शोध नेमका होतो, पण निम्मं हातातून निसटतं

या चर्चेत कुणीतरी सुचवलंय की पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायच्या साइटवर, शब्द अवतरणचिन्हांत टाकले की फापटपसारा कमी होतो. कमी होतो हे खरं, पण आपल्या कामाचे लेखही त्यासोबत जातात. अवतरणचिन्हांशिवाय नुसतं बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) टाकलं, तर पबमेड आपणहून ते 'प्रेशर अल्सर' या मेश शीर्षकाशी (पबमेडच्या ठरावीक विषयसूचीतल्या नावाशी) जोडतं आणि त्यालाच डेक्युबिटस अल्सर म्हणणारे लेखही आणतं. अवतरणचिन्हं घातली की ही जोडणी बंद पडते. त्यात 2016 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने 'प्रेशर इंजुरी' ही संज्ञा स्वीकारली, त्यामुळे जुने आणि नवे लेख वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेत.

मी ही सगळी नावं 'ऑर'ने (यातलं कुठलंही चालेल) जोडते, त्यांना एक कंस घालते आणि मग 'अँड' (हेही हवंच) लावून रिपोझिशनिंग, टर्निंग हे पेशंटची कूस बदलण्याचे शब्द टाकते. अॅडव्हान्स्ड पानावर हिस्टरीत 'डिटेल्स' उघडून पाहाच. पबमेडने तुमच्या शब्दांचं नेमकं काय केलं ते तिथे दिसतं. पेशंटला किती तासांनी कुशीवर वळवायचं हे ठरवताना अर्धेच लेख हाती असणं मला तरी चालत नाही. सिनाल या नर्सिंगच्या लेखसूचीची शीर्षकं मात्र वेगळी असतात, तिथे हीच ओळ जशीच्या तशी चिकटवू नका.