मदत हवी आहे: जुने सीएफएल आणि ट्यूबलाईट जळगाव-धुळ्याकडे कुठे द्यायचे?

मंडळी, गावातल्या शाळेत एलईडी बसले. काढलेले सीएफएल आणि ४ फुटी ट्यूबा खोक्यांत पडून आहेत. भंगारवाला न्यायला तयार आहे, पण तो बुडातल्या सर्किटसाठी काच तिथेच फोडणार. तेच नको आहे.

एका सीएफएलमध्ये पारा साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम. एखादा फुटला म्हणून घाबरण्यासारखं काही नाही. खोकंभर फुटले, तेही मे महिन्यात पत्र्याच्या बंद खोलीत, तर गोष्ट वेगळी. उकाड्यात पाऱ्याची वाफ जास्त होते.

फुटल्यावर काय करायचं ते ठाऊक आहे: पंखा-कूलर बंद, खिडक्या उघड्या, १० मिनिटं सगळे बाहेर. झाडू नको, पांढरी पूड उडते आणि झाडूला चिकटून घरभर फिरते. तुकडे पुठ्ठ्याने, पूड चिकटपट्टीने, शेवटी ओला कागद. सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत.

अडलंय पुढे. हे दिवे ई-कचऱ्यात मोडतात. जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबारला सुटे दिवे घेऊन पावती देणारा अधिकृत संकलक आहे का? फुटलेले घेतो का? नाशिकला पाठवायचे झाले तर ट्यूबा टेम्पोत उभ्या बांधाव्यात की आडव्या?