पावसाळ्यात फायरफॉक्सचे अपडेट रोखून ठेवावेत का?

खारे_वारे: जून लागला की कोकणात लाइटीचा भरवसा नाही आणि नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. त्यात उबुंटूवरचा स्नॅप (प्रोग्राम बाकी मशीनपासून वेगळा, बंदिस्त चालवणारं पॅकेज; फायरफॉक्स त्यातूनच येतो) दिवसातून चारदा अपडेट शोधतो. सेतू केंद्रातलं डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीला लावायची किल्ली) ऐन दाखल्यांच्या गर्दीत बंद पडतं. माझं मत, 'सुडो स्नॅप रिफ्रेश --होल्ड फायरफॉक्स' द्यावं आणि गणपती झाल्यावर उठवावं.

कातळावरचा: साफ चूक. टोकन रोजच्या अपडेटने बंद पडत नाही. उबुंटू 20.04 वरून 22.04 वर गेलात की डेब (उबुंटूचं नेहमीचं पॅकेज) फायरफॉक्स जातो आणि स्नॅप येतो, तिथे खरी गोम आहे. स्नॅपला दिसणारं 'यूएसआर/लिब' त्याच्या स्वतःच्या बेसचं (सोबत येणाऱ्या मूळ सिस्टिमचं) असतं, तुमच्या मशीनचं नव्हे. म्हणून टोकनची लायब्ररी मशीनवर जागेवर असूनही फायरफॉक्समध्ये लोड होत नाही. होल्ड करून ती दिसायला लागणार आहे का?

शिवाय अपडेट रोखल्यानेही ॲडऑन मरतात. 14 मार्च 2025 ला मोझिलाचं (फायरफॉक्स बनवणाऱ्यांचं) जुनं रूट सर्टिफिकेट संपलं, ॲडऑनची सही त्यावरूनच तपासली जायची. 128 च्या आधीची आवृत्ती (ईएसआर म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्ती असेल तर 115.13 च्या आधीची) धरून बसलेल्यांना तोच धोका होता.

भरती_ओहोटी: कायमचा होल्ड मलाही नको, पण कामाच्या आठवड्यापुरता हवाच. कारण बिघडल्यावर लोक 'स्नॅप रिव्हर्ट' मारतात. प्रोग्राम मागच्या आवृत्तीवर जातो, प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग) मात्र 'स्नॅप/फायरफॉक्स/कॉमन'मध्ये असतं आणि ते मागे जात नाही. मग जुना ब्राउझर ते उघडायला नकार देतो, नवं प्रोफाइल बनवायला सांगतो, आणि बुकमार्क गेले म्हणून बोंब होते. गेलेले नसतात.

काही बिघडलं तर आधी ट्रबलशूट मोडमध्ये (ॲडऑन बंद ठेवून) उघडून बघा. तिथे नीट चाललं तर दोष बहुधा ॲडऑनचा. नाहीतर 'अबाउट:प्रोफाइल्स'मधून कोरं प्रोफाइल. तरीही नाही, तर 'जर्नलसीटीएल -के'मध्ये 'डिनाइड' शोधा. ॲपआर्मरने (स्नॅपला कोंडून ठेवणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेने) अडवलं असेल तर तिथे नोंद सापडते.

खारे_वारे: मग टोकनवाल्यांनी करायचं काय?

कातळावरचा: मोझिलाच्या ॲप्ट रेपॉझिटरीतून (ॲप्ट म्हणजे डेब बसवणारं साधन) डेब घ्या, आणि प्रेफरन्सेस फाइलमध्ये तिला 1000 प्राधान्य द्या. हे बहुतेकजण विसरतात. उबुंटूच्या नामधारी पॅकेजच्या (नाव डेबचं, पण बसवतं स्नॅप) आवृत्तीआधी '1:' असल्यामुळे ॲप्टला तेच नवं वाटतं आणि पुढच्या अपग्रेडला स्नॅप परत हजर. स्नॅप काढण्याआधी ब्राउझर बंद करून प्रोफाइल 'डॉट मोझिला/फायरफॉक्स'मध्ये कॉपी करा. 67 पासून प्रत्येक इन्स्टॉलेशन आपलं वेगळं प्रोफाइल धरतं, त्यामुळे पहिल्यांदा 'फायरफॉक्स -पी'ने उघडून जुनं निवडावं लागतं.

खारे_वारे: आणि डेब बसत असताना लाइट गेली तर? स्नॅप निदान जुन्याच आवृत्तीवर राहतो, डेब अर्ध्यात लटकतो.

कातळावरचा: 'सुडो डीपीकेजी --कन्फिगर -ए'. दोन मिनिटांचं काम.

खारे_वारे: आणि ता टाइप करूक थंय कोण बसलो हा?